पंधरा फुटांवरच्या मगदूम बाई

माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटचा माझ्याबद्दल हमखास एक गैरसमज होतो. हिरडीत इंजेक्शन देण्याआधी मी जराशी थांबते. डावा खांदा खाली सोडते, अंगठ्यानं तर्जनीचं टोक दोनदा चोळते आणि आतला श्वास सगळा बाहेर जाऊ देते. मग सुई. पुष्कळांना वाटतं, डॉक्टरीणबाई मनातल्या मनात अंबाबाईचं नाव घेतात. एका आजींनी तर 'देवाधर्माची डॉक्टर हाय' असं सांगून त्यांच्या गल्लीतली चार माणसं माझ्याकडं पाठवली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एकेका बोळात तीन-तीन दातांचे दवाखाने असताना असा गैरसमज दूर करण्याइतकी मी प्रामाणिक नाही. पण आज सांगून टाकते. ते देवाचं काही नाही. ते मगदूम बाईंचं आहे.

बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या आमच्या शाळेत कार्यानुभव शिकवायच्या, म्हणजे शिवण. हेम, काज, बटणपट्टी आणि वर्षाच्या शेवटी रुमालाच्या कोपऱ्यात एक फूल. या विषयात कुणी नापास होत नसे, त्यामुळं त्याला मान नव्हता. दहावीची परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई त्यांचा तास हक्कानं मागून न्यायच्या आणि मगदूम बाई आपली सुयांची डबी उचलून बाहेर पडायच्या.

त्या शिरोळकडच्या, शेतकरी जैन घरातल्या. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास. ही उंची त्यांना आयुष्यभर अडचणीचीच वाटत आली असावी, कारण सात फुटी दारातूनही त्या किंचित वाकून आत यायच्या. सुती साडी, गळ्यात कायम मोजपट्टी, ब्लाउजच्या खांद्यावर खोचलेल्या दोन सुया. त्या सुया कुणाला कधी टोचल्या नाहीत, पण बाईंना मिठी मारायची हिंमतही कुणाची झाली नाही.

मी नववीत असताना आमच्या खेळाच्या सरांना संस्थेनं मध्येच दुसऱ्या शाळेत पाठवलं. मुलींच्या बास्केटबॉलच्या संघाला कुणी वाली उरला नाही. मुख्याध्यापिकांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि सगळ्यात उंच माणसाच्या हातात बॉल दिला. निवडीची पद्धत एवढीच. बाईंनी तोवर बास्केटबॉल नुसता लांबून बघितला होता. 'उंच हाय म्हणून मला? मग गेटातल्या निलगिरीला द्यायचा की,' असं त्या म्हणाल्याचं शाळेच्या मावशींनी आम्हाला येऊन सांगितलं. वर्गात बाई अगदी पुस्तकी बोलायच्या. शिरोळचं बोलणं सुटायचं ते वर्गाबाहेर.

पहिल्या दिवशी त्यांनी आमचा खेळ बघितलाच नाही. नियमांचं पुस्तक काखेत धरलं, गळ्यातली मोजपट्टी काढली आणि मैदान मोजायला घेतलं. आम्ही नऊ जणी कडेला उभ्या राहून एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. फ्री थ्रोची रेषा रिंगच्या फळ्यापासून पंधरा फुटांवर हवी. आमची निघाली सव्वातेरा. कितीतरी वर्षं आमच्या शाळेच्या पोरी दुसऱ्या मैदानावर गेल्या की त्यांचे फ्री थ्रो आखूड पडत, आणि सर म्हणत, पोरींना प्रेशर झेपत नाही. बाईंनी शिवणाच्या खडूनं नवी रेष मारली, हात झटकले आणि म्हणाल्या, 'प्रेशराचं मागनं बघूया. आधी माप तरी बरोबर घ्या.'

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. बास्केटबॉलमध्ये सगळी धावपळ असते. पण कुणी तुम्हाला चुकीच्या पद्धतीनं अडवलं की पंच शिट्टी मारतो, खेळ थांबतो, आणि तुम्हाला त्या रेषेवर उभं करून दोन बॉल टाकायला देतो. समोर कुणी नसतं. कुणी हात आडवा घालत नाही. रिंग तीच, अंतर तेच, रोजचंच. सगळ्यात सोपा पॉइंट, असं कुणालाही वाटेल. आणि तिथंच चांगल्या चांगल्या पोरी माती खातात.

बाई पहिला महिनाभर फक्त कडेला स्टुलावर बसून बघत होत्या. हातात कुठल्या तरी पोरीचा उसवलेला फ्रॉक असायचा, टाके चालू असायचे, आणि डोळे आमच्यावर. महिन्यानं त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं.

'तुम्ही पळताना चुकत न्हाईसा. उभ्या राहिला की चुकताय. का?'

कुणी म्हणालं, दम लागलेला असतो. कुणी म्हणालं, लोक बघतात.

'लोक पळतानाबी बघतात की. पळताना तुम्हाला अडवायला दुसरी पोरगी असती. हितं अडवायला कुणी न्हाय, म्हणून तुम्ही सवताच सवताला अडवताय.'

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. ज्या बाईंना तोवर ड्रिबल म्हणजे काय ते नीट सांगता येत नव्हतं, त्यांनी एका महिन्यात या खेळाचा गाभा हातात धरला होता. पुढं मी दातांच्या कॉलेजच्या लायब्ररीत मनाच्या एकाग्रतेवरची जाडजूड पुस्तकं चाळली, आणि दर पाना-दोन पानांनी मला शिवणाच्या बाई भेटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बॉल कपाटात राहिले. बाईंनी प्रत्येकीच्या हातात एक सुई आणि दोरा दिला आणि मैदानाच्या मधोमध उभं केलं. 'ओवा.' आम्ही ओवायला लागलो की त्या आमच्याभोवती फिरत मोठमोठ्यानं बोलायच्या. कुणाच्या आईची तब्येत विचारायच्या, कुणाचे गणितातले मार्क सगळ्यांना ऐकू जातील असे सांगायच्या. निम्म्या जणींच्या दोऱ्यांची टोकं पिंजली.

'दोऱ्याकडं बघू नको गं. नेढ्याकडं बघ. सुईचं भोक हाय न्हवं, त्याच्यात बघत ऱ्हा. दोरा आपला आपण येतोय. आणि श्वास बघ कुठं हाय. ओवताना कुणी श्वास आत घेतंय व्हय? सोडलेला असतोय.'

मी ओवून बघितलं. खरंच सोडलेला होता. इतकी वर्षं सुई ओवून हे मला ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येकीला सांगितलं, घरी आपले हात काय काय करतात ते बघून या. काहीही, पण रोज करता आणि करताना त्याचा विचार करत नाही असं एक काम शोधायचं, आणि बॉल टाकण्याआधी त्यातल्या दोन-तीन हालचाली करायच्या. 'मन रिकामं ठेवलं की ते उनाडक्या करतंय. त्याला ओळखीचं काम द्या.' मग आमच्या रेषेवर अजब प्रकार सुरू झाले. एक जण भाकरी थापल्यासारखा बॉल दोन तळव्यांत फिरवायची. एक जण वेणीच्या पेडासारखी बोटं एकात एक घालायची. मी दोरा ओवताना त्याचं टोक चोळतात तसं बोट चोळायचे, कारण मला घरी दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. दुसरीची लकब उचललेली बाईंना खपायची नाही. 'तिच्या चपला तुला होतील व्हय?' एवढंच म्हणायच्या.

राणीची लकब सगळ्यात मजेशीर होती. राणी राधानगरीकडची. घरी म्हशी, भात, ऊस. शिकायला म्हणून कोल्हापुरात मामाकडं राहायची. ती बॉलच्या कुशीवर हलकेच दोन थापा मारायची, जिभेनं एक 'च्यक्' करायची आणि टाकायची. म्हशीच्या कासेला हात लावण्याआधी ती तेच करायची. आम्ही हसून हसून बेजार झालो. पण राणीचा बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली यायचा, एक, दोन, दहा, पंधरा. मग आमचं हसू थांबलं.

आता बाईंच्या ज्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही ती सांगते. फ्री थ्रोच्या सरावाला बाई रिंगखाली उभ्या राहायच्या, रिंगकडं पाठ करून, आमच्याकडं तोंड करून. बॉल त्यांच्या डोक्यावरून जायचा. त्याकडं त्या मान वर करून बघायच्या नाहीत. बघायच्या फक्त आमच्या चेहऱ्याकडं. आणि बॉल हातातून सुटला-न सुटला तोवर म्हणायच्या, 'गेला.' किंवा, 'न्हाय.' बॉल रिंगपर्यंत पोचायच्या आत. आणि तसंच व्हायचं. आम्ही त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. एक दिवस आळीपाळीनं तीस बॉल टाकले. बाईंचा एकच अंदाज चुकला. 'वारा आला,' बाई म्हणाल्या. वारा खरंच आला होता, आमच्या फ्रॉकना कळलं होतं.

माझ्या वाट्याला नेहमी 'न्हाय' यायचं. मी संघातली नववी, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारी. एकदा माझा बॉल बोर्डाला आपटून, रिंगवर दोन उड्या मारून आत गेला, आणि मी हात वर करून नाचले. बाई शांतपणे म्हणाल्या, 'गेला खरा. पण तू न्हाय टाकलास. तो आपल्या मनानं गेला.' मी तेव्हा लई चिडले होते. बाईंचा तो 'गेला' शाळा सुटेपर्यंत मला मिळाला नाही.

त्यांचं एक वाक्य मात्र आम्हा सगळ्यांना सारखंच मिळालं होतं. बॉल टाकून आम्ही रिंगकडं मान ताणून बघत राहिलो की त्या टाळी वाजवायच्या. 'सुटला की आपला न्हवं. गेला का न्हाय बघायला पंच हाय.' आणि ऊन उतरायला लागलं की सराव बंद. बाई सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. मैदानाच्या पायरीवर बसून डबा उघडायच्या, आणि सामना कितीही जवळ आला असला तरी त्या वेळेत बदल व्हायचा नाही.

लोकांच्या आरडाओरड्याची आमची भीती त्यांनी कोल्हापुरी पद्धतीनं घालवली. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणारे सदामामा शाळेमागच्या गल्लीत राहायचे. बाईंनी त्यांना बोलावणं धाडलं. सदामामा हलगी शेकून, फेटा बांधून हजर.

'कुणाची मिरवणूक हाय, बाई?'

'पोरींची. ती रेषेवर उभी ऱ्हायली की तिच्या कानाशी वाजवायची. हात थांबवू नका.'

'घाबरतील की वो लेकरं.'

'त्यासाठीच बोलवलंय.'

पहिले दोन दिवस आमचे बॉल कुठंही गेले. एक तर शाळेच्या कौलावर. पंधरा दिवसांनी सदामामा घामाघूम व्हायचे आणि राणी त्यांच्या तालावर 'च्यक्' करून बॉल टाकायची. मामांनी हलगी खाली ठेवली आणि बाईंना म्हणाले, 'ह्या पोरीला न्हाय हो हलवू शकत मी. पैलवान हलत्यात.' त्या वर्षी जिल्ह्यात आमच्या शाळेला फ्री थ्रोवर कुणी हरवू शकलं नाही. समोरच्या शाळेच्या पोरी कडेनं ओरडायच्या, पत्रे बडवायच्या, आणि आमच्या जणी आपापली भाकरी, वेणी, म्हैस करून मोकळ्या व्हायच्या.

मग विभागाची फायनल आली, मोठ्या शहरात. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा बंद हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर खेळत होतो. शेवटचे काही सेकंद उरले, आम्ही एका पॉइंटनं मागं होतो, आणि राणीला ढकललं म्हणून पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. एक गेला तर बरोबरी. दोन गेले तर जिंकलो. बाकावर आम्ही एकमेकींचे हात धरले, पण काळजी अशी नव्हती. राणी होती ना.

राणी रेषेवर गेली. तेवढ्यात माइकवरून कुणी तरी सभ्यपणे विनंती केली, खेळाडू फ्री थ्रो घेत आहे, कृपया शांतता राखावी. आणि लोक गप्प बसले. सगळे. चार-पाचशे माणसं. त्या गावची ती रीतच होती.

एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. वरच्या पंख्याचा आवाज येत होता. राणीनं बॉलवर दोन थापा मारल्या, त्या हॉलभर घुमल्या. तिनं 'च्यक्' केलं, आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुणी तरी खुदकन हसलं. राणीचे कान लाल झालेले मला बाकावरून दिसले. पहिला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

परतीच्या एसटीत बसलो. राणी खिडकीला कपाळ टेकवून बसली होती. बाई उठल्या, गाडी हेलकावे खात असताना बाकं धरत धरत तिच्याजवळ गेल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, 'राणी, चूक माझी हाय. मी तुला गोंगाट शिकवला. शांतता शिकवायची राह्यली. मला वाटलं, सगळं जग कोल्हापूर हाय.'

एखाद्या शिक्षिकेनं मुलीची अशी माफी मागितलेली मी त्याआधी बघितली नव्हती, आणि त्यानंतरही नाही.

माफीनं राणीचा हात मात्र परत आला नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती रेषेवर उभी राहायची, थापा मारायची, बॉल कपाळापर्यंत न्यायची, आणि हात तिथंच अडकायचा. बॉल सुटायचाच नाही. पळताना सगळं ठीक, आणि रेषेवर दगड. महिन्याभरानं क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. मामाचं घर दोन खोल्यांचं, मामीला तिसरं बाळ झालेलं. निवड झाली तर वसतिगृहात राहून राणीचं पुढचं शिक्षण कोल्हापुरात होणार होतं. नाही तर दहावी झाली की गावी परत. आणि चाचणीत सगळ्यात आधी दहा फ्री थ्रो होते. हे राणीला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि बाईंच्या हातातल्या टाक्यांवरून दिसत होतं. त्या दिवसांत त्या शिवलेलं पुन्हा उसवत होत्या.

बाईंनी शांतता शिकवायची ठरवली. कोल्हापुरात शांतता आणायची म्हणजे काय चेष्टा आहे? आमचं मैदान रस्त्याला लागून. कुंपणापलीकडं चहाची टपरी, तिच्यापुढं रिक्षा स्टँड. आमच्याकडं शेजारच्या माणसालाही नदीपलीकडून हाक मारल्यासारखी मारतात. बाई टपरीवर गेल्या, रिक्षावाल्यांकडं गेल्या, गल्लीतल्या बायकांकडं गेल्या. 'मी हात वर केला की अर्धा मिनिट गप्प बसायचं. पोरीचं काम हाय.' लोकांनी मनावर घेतलं. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. रिक्षावाल्यांनी गाण्याची टेप बंद केली. पहिल्या दिवशी एक पावणं नेमके तेव्हाच चहा मागायला आले, तर तिघांनी मिळून त्यांचं तोंड दाबून धरलं.

हात वर गेला. सगळं गप्प. राणीनं बॉल कपाळापर्यंत नेला. आणि नाही.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी राणीनं बॉल खाली टाकला आणि रडत म्हणाली, 'मला न्हाय जमत बाई. सगळी माझ्याकडं बघत गप्प बसत्यात. मी चुकायची वाटच बघत्यात.'

बाईंनी पदर कमरेला खोचला, बॉल उचलला आणि रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत आम्ही त्यांना एकदाही बॉल टाकताना बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच हात वर केला, आणि टपरी, रिक्षा स्टँड, गल्ली, आम्ही नऊ जणी, सगळ्यांनी श्वास रोखला.

पहिला बॉल बोर्डाच्या खालून गेला. दुसरा बोर्डाच्या वरून. तिसरा कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. बाई प्रत्येक बॉल अगदी मन लावून, खांदा सोडून, श्वास सोडून टाकत होत्या, आणि प्रत्येक बॉल भयंकर पडत होता. आठवा कुंपण ओलांडून टपरीवर उतरला आणि बरणीतली बिस्किटं रस्त्यावर आली. टपरीवाला गप्प बसायचा शब्द पाळत तोंडावर हात धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी बघायला आलेल्या सदामामांच्या तोंडून फुर्रकन हसू सुटलं, आणि मग सगळं मैदान खिदळायला लागलं. राणीसुद्धा, रडता रडता.

बाई तिच्याजवळ गेल्या. कपाळावरचा घाम पुसला. 'बघितलंस? आठ चुकले. मेले व्हय मी? आणि आता ह्या माणसांकडं बघ. गप्प का बसलीत, सांग बरं? तू चुकावं म्हणून कोण स्टोव्ह बारीक करतंय का? ही श्वास धरून बसलीत राणी, तुझ्यासाठी. तुझा बॉल सुटल्याबिगर ह्यांना श्वास सोडता येईना. टाक लवकर, न्हाईतर टपरीवाला निळा पडंल.'

मग बाई रिंगखाली जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या आणि हात वर केला. पुन्हा तीच शांतता. पण राणीनं या वेळी आजूबाजूला बघितलं. टपरीवाल्याकडं, सदामामांकडं, आमच्याकडं. दोन थापा. 'च्यक्'.

'गेला,' बाई म्हणाल्या. बॉल अजून हवेत होता.

निवड चाचणीला बाई आल्या नाहीत. आम्हाला ते फार लागलं. आम्ही त्यांना विचारायला गेलो तर त्या सहावीच्या पोरींना काज शिकवत होत्या. 'माझं काम रेषेपर्यंत. तिथनं पुढं तिचा बॉल तिचा,' म्हणाल्या आणि पुन्हा सुईत डोळे घातले. राणी आपल्या मामाबरोबर गेली. दुपारी आम्ही शाळेच्या गेटात थांबलो होतो. राणी आली ती आमच्याशी काही न बोलता थेट शिवणाच्या वर्गाकडं पळत गेली, आम्ही तिच्यामागं. ती दारात उभी राहिली, धापा टाकत. बाईंनी मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

'गेला,' त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातातली सुई खाली पडली. सहावीतल्या पोरी सगळ्या वर्गभर ती शोधत होत्या, आणि बाई डोळे पुसत 'पायात जाईल गं, जपून' म्हणत होत्या.

मी मात्र दहावीनंतर बास्केटबॉल सोडला, दातांच्या कॉलेजला गेले, दवाखाना टाकला. बाई निवृत्त होऊन शिरोळला गेल्याचं कानावर आलं होतं. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांचा भाचा त्यांना माझ्याकडं घेऊन आला. दाढ काढायची होती. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. तरी दारातून आत येताना त्या किंचित वाकल्या.

'कोण गं तू? आवाज वळखीचा हाय.'

मी नाव सांगितलं. 'बाटल्या भरायचीस ती?' एवढं त्यांच्या नेमकं लक्षात होतं.

मग राणीची चौकशी झाली. राणी आता राधानगरीजवळच्या एका शाळेत पोरींना बास्केटबॉल शिकवते. मी ते सांगितल्यावर बाईंनी एकच विचारलं, 'तिनं आधी मैदान मोजलं का?' मोजलं होतं. राणीनं फोनवर सांगितलं होतं मला, रेष पाऊण फूट जवळ निघाली म्हणून. बाई खुर्चीत मागं टेकून समाधानानं हसल्या.

मी इंजेक्शन भरलं, आणि माझा हात थरथरायला लागला. रोज इतक्या हिरड्यांत सुई घालणारी मी. पण ज्या माणसानं मला सुई धरायला शिकवली त्याच माणसावर ती उगारायची होती. मी खरं ते सांगून टाकलं.

'बाई, हात थरथरतोय.'

'थरथरू दे की. त्याला काम दे.'

मी घरघरणारं कॉम्प्रेसरचं मशीन बंद करायला सांगितलं. माझी असिस्टंट गप्प उभी राहिली. भाचाही दाराशी गप्प. खालून एक रिक्षा गेली आणि मग बोळातही आवाज उरला नाही. बाईंनी डोळे मिटले होते, तोंड उघडं होतं, आणि मान किंचित माझ्याकडं वळवली होती. चेहरा बघता येत नाही म्हणून त्या माझा श्वास ऐकत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. मी डावा खांदा सोडला. बोटाचं टोक दोनदा चोळलं. श्वास बाहेर जाऊ दिला, सगळा.

सुई अजून हिरडीला लागली नव्हती. बाई उघड्या तोंडानंच, अस्पष्ट, पण मला समजेल इतपत म्हणाल्या, 'गेला.'

दाढ निघाली. दातांखाली कापूस धरून, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून बाई जिना उतरायला लागल्या. प्रत्येक पायरी आधी पावलानं दोनदा चाचपायच्या, थांबायच्या, श्वास सोडायच्या, मग पाय टेकायच्या. मी वरच्या पायरीवर उभी राहून बघत होते. खरं तर मला त्यांनी एकदा मागं बघावं असं फार वाटत होतं, दिसत नसलं तरी. अकरा पायऱ्या होत्या. बाईंनी मागं वळून बघितलं नाही.